मागे बसते

धाकट्याने गाडी आणली तेव्हा ताई एका टेम्पोच्या पोटाखाली आडवी झालेली होती, त्यामुळे त्या गाडीचं तिला आधी काय दिसलं तर चाकं. टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, पण कडेच्या रबराला बारीक बारीक भेगा गेल्या होत्या. गाडी फार फिरलेली नव्हती, नुसती उभी राहून राहून म्हातारी झाली होती.

"हे टायर आधी फेकायचे," ती खालूनच म्हणाली.

"अगं, निदान बाहेर येऊन तोंड तरी बघ तिचं!"

ताई बाहेर आली आणि हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारून आली. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची, गडद हिरवी गाडी. तिच्या काळात ती भल्याभल्यांना मागे टाकायची आणि पोरं तिची चित्रं भिंतीवर लावायची. धाकट्यानेही लावलं होतं, अगदी अभ्यासाच्या टेबलासमोर, आणि त्याचा निकाल पुढे सगळ्या घराने पाहिला होता. आता तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, आणि हे डोळे तपासणारे महाशय दाराखालचा गंज न बघता गाडी घेऊन आले होते.

ताईचं गॅरेज चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक यांचं. चारही चाकांखाली एकेक सरकवायचे चार वजनकाटे तिच्याकडे होते, म्हणून आसपासचे लोक तिला काटेवाली म्हणत. ते नाव तिच्या जिभेलाही शोभतं असं गिऱ्हाइकं म्हणायची, अर्थात ती आसपास नसताना.

"कुणाची होती?" तिने विचारलं.

"दातांच्या एका डॉक्टरांची. रिटायर झालेत, एकटेच असतात. इतकी वर्षं कुणाला द्यायलाच तयार नव्हते म्हणे. मला फक्त विचारलं, घरी लहान मूल आहे का. म्हटलं, आहे, मुलगी आहे. लगेच कबूल झाले."

"आणि गाडीबद्दल काही बोलले? खोड, दुखणं, काही?"

"किल्ली देताना एवढंच म्हणाले, 'मागे बसते. तेवढं सांभाळून घ्या.'"

ताईने मान डोलावली. हे दुखणं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. जोरकस गाडीला एकदम वेग दिला की नाक वर उठतं आणि मागचा भाग खाली दबतो, त्यालाच गाडी मागे बसते म्हणायचं. स्प्रिंगा थकल्या की जास्तच बसते. दातांच्या डॉक्टरला एवढं कळत होतं याचं तिला जरा कौतुकच वाटलं.

धाकट्याच्या डोक्यात मात्र वेगळाच संसार चालला होता. टर्बोचा दाब वाढवायचा, सायलेन्सर मोठा टाकायचा, मागची सीट उपटून फेकायची म्हणजे वजन कमी, म्हणजे गाडी अजून हलकी, म्हणजे अजून वेग. बोलता बोलता त्याचे हात हवेत गिअर टाकत होते.

"मागची सीट काढल्यावर चिमणीला कुठे बसवणार? टपावर?" ताई म्हणाली.

गिअर टाकणारे त्याचे हात हवेतच थांबले. चिमणी म्हणजे त्याची पाच वर्षांची मुलगी, आणि आत्याच्या गळ्यातला ताईत. गाडी घेण्यावरून घरात व्हायचं ते रामायण होऊन गेलं होतं, आणि शेवटी भावजयीने एकच अट घातली होती: ताईने स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय पोरीने त्या गाडीत पाऊल टाकायचं नाही. भावजय ताईशी एरवी बेतानेच बोलायची, पण ताईच्या हातावर तिचा विश्वास होता. तो विश्वास ताईच्या मानेवर ओझ्यासारखा बसला. कुणाच्या पोटच्या पोरीसाठी 'हो' म्हणणं हे काही खायचं काम नाही.

तिने कामाला सुरुवात केली ती तिच्या पद्धतीने. आधी जे बिघडलंय ते नीट करायचं, मग थांबवता येईल एवढं करायचं, आणि पळवायचं ते सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलायची, चालवून बघायची, मग पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कुणाचा आणि दोष कुणाचा ते ब्रह्मदेवालाही कळत नाही, असं ती म्हणायची. धाकटा पहिल्याच दिवशी प्लग आणि एअर फिल्टर दोन्ही एकदम बदलून बसला तेव्हा तिने त्याला जुने प्लग परत लावायला लावले. तो चरफडत लावत राहिला.

गाडीत दम नाही, टर्बोच गेलाय, नवा मोठा टाकू, असा त्याचा धोशा चालू होता. ताईने इंजिनाच्या मागच्या बाजूला हात घालून बोटभर जाडीची एक रबरी नळी बाहेर काढली आणि त्याच्यापुढे धरली. नळी वाकवली तशी तिच्या पोटात एक चीर उघडली. टर्बोने ढकललेली हवा त्या चिरेतून निसटत होती, एवढंच. नळी बदलली आणि गाडी अशी उठली की धाकटा सीटला चिकटला. मग ब्रेक. तेल काळं झालेलं, ते काढून नवं भरलं, नव्या तबकड्या, नवे पॅड, नव्या नळ्या. मग टायर. टर्बोच्या दाबाला तिने हात लावू दिला नाही. या गाडीला आहे तेवढा दाब पुरे आहे आणि तुला तर जास्तच आहे, असं सांगून टाकलं.

मागचा गालिचा उचलल्यावर तिला एक गोष्ट खटकली. मागच्या दोन्ही सीटना पट्टेच नव्हते. पट्ट्यांचे बोल्ट जिथे असतात तिथली भोकं रबराची बुचं ठोकून बंद केलेली होती आणि वरून गाडीच्याच रंगाचा हात मारलेला होता, नीट, निगुतीने. कुणीतरी विचार करून काढले होते. वजनासाठी, हे उघड होतं. हौशी लोकांना पावशेर वजनाचाही सोस असतो. ताईने त्या कुणाला तरी दोन शिव्या हासडल्या आणि त्याच दिवशी नवे पट्टे मागवले.

मग ती मागच्या बसण्याकडे वळली.

काट्यावर गाडी तोलायची ती चालवणाऱ्याला आत बसवून, कारण रस्त्यावर ती एकटी जाणार नसते. ताईने चार चाकांखाली चार काटे सरकवले आणि रिकामी गाडी आधी बघितली. आकडे छान होते, कुणाची तक्रार नव्हती. मग ती धाकट्याला म्हणाली, "बस आत. पोट आत घेऊ नकोस, वजन तेवढंच भरतं."

तो उजवीकडे, स्टिअरिंगपाशी बसला. उजवीकडचे आकडे चढले. आणि मग, सगळं स्थिर झाल्यावर, डाव्या बाजूचं मागचं चाक जड व्हायला लागलं.

एकदम नाही. आधी थोडं, मग अजून थोडं, मग जरा हेलकावून तो आकडा थांबला. स्प्रिंग बारीकशी कुरकुरली.

"हलू नकोस रे."

"हललोच नाही."

"उतर."

तो उतरला. त्याच्या वजनाएवढे आकडे तत्काळ खाली आले. डावं मागचं मात्र तसंच राहिलं. ताई काट्यांच्या छोट्या पडद्याकडे बघत उभी होती. धाकटा दार उघडं टाकून पाण्याच्या पिंपाकडे गेला, पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि मग कुठे तो आकडा हळूहळू उतरला. दोन दारांच्या गाडीत मागच्या माणसाला उतरायला वेळ लागतो, पुढची सीट वाकवावी लागते. हा विचार ताईच्या मनात आपोआप आला आणि तिचा तिलाच राग आला.

काटा बिघडला असणार. तिने डावा काटा उजवीकडे टाकला, उजवा डावीकडे. जडपणा डाव्या चाकापाशीच राहिला. मग स्प्रिंगा तपासल्या. डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. तरी डावीकडेच. मग दोन्ही चाकांना जोडणारा दांडा सोडवून बघितला, शॉकअप काढून हाताने दाबून बघितले, गाडीचा सांगाडा कुठे वाकलाय का म्हणून दोऱ्या लावून मापला. स्टेपनी काढली, गालिचा काढला, मागची सीट काढली. एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी धाकटा आत, धाकटा बाहेर. शेवटी तो वैतागला.

"दमट हवा असेल गं. रबर फुगतं."

"डोकं फुगलंय तुझं."

पण तिला ते पटलं नव्हतं, आणि त्याचं कारण धाकट्याला सांगूनही कळलं नसतं. गाडी चार पायांवर उभ्या टेबलासारखी असते. एक कोपरा जड झाला, तर दुसरा कुठला तरी हलका व्हायलाच हवा, कारण वजन आहे तेवढंच आहे, ते फक्त इकडून तिकडे सरकतं. स्प्रिंग थकली तरी तेच, सांगाडा वाकला तरी तेच. इथे बाकीचे तीन कोपरे जागचे हलत नव्हते आणि बेरीजच वाढत होती. धाकटा बसला की गाडीत धाकट्यापेक्षा जास्त वजन भरत होतं. किती, ते तिने मनात वजाबाकी करून बघितलं आणि पडदा बंद केला. आपण चिमणीला उचलतो तेव्हा कंबरेत जी कळ येते, साधारण तेवढं.

तरीही तिने नव्या स्प्रिंगा टाकल्या. कारागिराचा स्वभाव असा की भीती वाटली तरी हात आधी पाना शोधतो. जरा कडक, पण पाठीचे मणके ढिले होणार नाहीत अशा बेताच्या. गाडी रस्त्यावर सुंदर वळायला लागली, धाकटा खुशीत शीळ घालायला लागला, आणि काट्यावर आली की डावा मागचा कोपरा निवांतपणे खाली बसायचा.

तेव्हा ताईने ठरवलं, आता ज्याने दुखणं सांगितलं त्यालाच विचारायचं.

डॉक्टरांचं घर आणि दवाखाना एकच होता. दुपारचं ऊन काचेच्या कपाटावर पडलं होतं आणि कपाटात प्लास्टरच्या कवळ्या ओळीने मांडलेल्या होत्या, बिनतोंडाचं सगळं हसू. पेशंटची खुर्ची अजून मधोमध होती, पण तिच्यावर धुतलेले कपडे घड्या घालून ठेवले होते. डॉक्टर उंच, किडकिडीत, फार हळू बोलणारे. आयुष्यभर घाबरलेल्या माणसांशीच बोलल्यामुळे तसा आवाज झाला असावा.

"मी त्या हिरव्या गाडीची मेकॅनिक," ताई म्हणाली. "चष्मेवाल्याची बहीण. तुम्ही म्हणाला होतात ना, मागे बसते म्हणून?"

"हो." त्यांचा चेहरा उजळला. "बसते ना अजून?"

"बसते म्हणजे काय! नव्या स्प्रिंगा टाकल्या तरी बसते."

"स्प्रिंगांनी काय होणार, बाई?"

"शॉकअप बदलले. दांडा सोडवला."

"नाही हो. तिला सवय आहे. ती जागा नाही सोडायची."

ताई म्हणाली, "बरं, आणि दोन्हीकडे सारखी बसली असती तर मी समजले असते. ही डावीकडेच बसते."

"डावीकडेच. पहिल्यापासून."

"गाडी सुरू करण्याआधीच बसते. माणूस आत बसला की लगेच."

"मागे राहील अशी धास्ती असते तिला," डॉक्टर म्हणाले आणि हसले. "मी किल्लीला हात लावला की पळत यायची. पायात चप्पल एकच. दुसरी हातात."

ताईला आधी कळलंच नाही. ती पुढचा प्रश्न तोंडात घेऊन तशीच उभी राहिली. गाडीला कुठली चप्पल? मग तो शब्द तिच्या डोक्यात उलटा फिरला. मागे बसते. डॉक्टर गाडीचं दुखणं सांगतच नव्हते. त्यांनी ना गाडीचं नाव घेतलं होतं ना कुणाचं. ती मागे बसते, एवढंच ते सांगत होते, आणि ऐकणाऱ्या दोघांनी त्यात गाडी घालून घेतली होती. आपल्या बोलीत 'ती' गाळली तरी वाक्य उभं राहतं, आणि इतके दिवस ताई त्या गाळलेल्या 'ती'खाली स्प्रिंगा बदलत बसली होती.

"तुमची मुलगी," ती म्हणाली.

"डावीकडे तिला दुकानांच्या पाट्या दिसतात. मोठ्याने वाचायची. चुकीच्या." डॉक्टरांनी खुर्चीवरची एक घडी मोडली आणि परत घातली. "मला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, गाडी चालवता येत नाही. नुसतं दारात बसून किती दिवस काढणार ती? तुमच्या भावाकडे लहान मूल आहे म्हणाले. म्हटलं, सोबत होईल."

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्या माणसाला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही.

"मागे पट्टे बसवलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागवलेत."

"बसवा." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "त्या काळी वजन कमी करायचं वेड होतं हो सगळ्यांना."

ताई निघाली. विचारायचं काय उरलं होतं? रबराची बुचं, वरून मारलेला रंग, आणि कधीतरी कचकन दाबलेला ब्रेक. गाडी थांबली असेल. पट्टा बांधून स्टिअरिंगपाशी बसलेला बापही थांबला असेल. मागची तेवढी थांबली नाही.

परत येताना ती रस्ताभर चालत आली आणि रडू येतंय याचं तिला आश्चर्य वाटत राहिलं. न पाहिलेल्या पोरीसाठी कोण रडतं? गॅरेजात पोचली तर पट्ट्यांचं खोकं आलेलं होतं. तिने ते हातानेच फाडलं. आत दोन पट्टे होते आणि दोन्ही उजव्या बाजूचे. मागच्या पट्ट्यांना डावं-उजवं असतं, गुंडाळी उलटी असते, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ताईने दुकानदाराला फोन करून जी हजेरी घेतली ती शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवून ऐकली. डावा पट्टा नंतर मिळेल, असं उत्तर आलं.

तिने उजवा पट्टा बसवला. गंज खरवडून, आतून पत्र्याची जोड देऊन, बोल्ट ताकद मोजून आवळला. मग स्वतः मागे बसून सगळं अंग पुढे फेकून बघितलं, पुन्हा पुन्हा. पट्ट्याने तिला प्रत्येक वेळी धरून ठेवलं. खांद्याला वळ उठला तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मध्येच एकदा तिची नजर डावीकडच्या रिकाम्या सीटवर गेली आणि ती घाईघाईने उतरली.

धाकट्याला तिने सगळं सांगितलं. तो हसला नसता तरच नवल.

"तुला डॉक्टरांनी चांगलंच वेड्यात काढलं! अगं, एकटा माणूस, बोलायला कुणी नाही. तू गेलीस, मिळाला श्रोता."

"आणि काटा? तोही वेडा झाला?"

"ताई, एक सांग. चिमणीची सीट, चिमणीचा पट्टा, ब्रेक, टायर. यात कुठे खोट आहे? काटेवाली म्हणून सांग, आत्या म्हणून नको."

ताईने प्रामाणिकपणे विचार केला. खोट नव्हती. उलट एवढी नीट गाडी तिच्या हातून क्वचितच बाहेर पडली होती. जी गोष्ट पान्याने आवळता येत नाही तिच्यासाठी पोरीला अडवायचं, तर भावजयीला काय सांगायचं? कुणीतरी मागे बसतं म्हणून?

"हो," ती म्हणाली. "पण चिमणी उजवीकडे बसेल. पट्ट्यात. आणि मी बरोबर येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीने चिमणीला आणून सोडलं, ताईच्या तोंडून 'हो' पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि दुकान उघडायला गेली. ताईने पुढची सीट वाकवली, पोरीला उजवीकडे मुलांसाठीच्या उंच सीटवर बसवलं, पट्टा लावला, ओढला, परत ओढला.

"आत्या, घट्ट होतंय."

"होऊ दे."

मग ती पुढे धाकट्याच्या शेजारी बसली. धाकट्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्याच वेळी, तिच्या पाठीमागे, गाडी डावीकडे हलकेच दबली. धाकट्याने ऐटीत आरसा नीट केला. त्याला काही जाणवलं नाही, किंवा जाणवून घ्यायचं नव्हतं.

रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना गोदामं. धाकट्याने ताईकडे एकदा विचारल्यासारखं बघितलं, ताईने मान हलवली, आणि त्याने गाडीला मोकळं सोडलं. टर्बोने श्वास घेतल्यासारखा आवाज केला. गाडी सरळ, शांत, एकसंध धावली. मागून चिमणी खिदळली. ताईलाही हसू आलं. इतक्या दिवसांचं काम पायाखाली असं गुणगुणत असताना तिला खरंच अभिमान वाटला आणि क्षणभर बाकी सगळ्याचा विसर पडला.

एका गोदामाच्या फाटकातून एक ट्रक मागे न बघता बाहेर यायला लागला.

धाकट्याने ब्रेक दाबला. नव्या ब्रेकनी गाडी जागच्या जागी खिळवून धरली, टायरांनी रस्ता सोडला नाही, नाक खाली गेलं, सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. ताईच्या छातीवर पट्टा आवळला.

आणि तिच्या पाठीत मागून काहीतरी आदळलं.

सीटच्या आरपार तिला ते कळलं. आधी खाली कंबरेपाशी दोन गुडघे, मग वर, खांद्याच्या मधोमध, डोकं. लहान आणि कठीण. सीटचा सांगाडा कड्‌ असा वाजला आणि तो आवाज धाकट्यानेही ऐकला, कारण त्याचे स्टिअरिंगवरचे हात पांढरे पडले. ट्रक सावकाश वळून निघून गेला. इंजिन चालूच होतं. मागे काहीही आवाज नव्हता.

धाकट्याची मान मागे वळेना. समोर बघतच त्याने विचारलं, "लागलं का गं?"

"मला नाही," चिमणी म्हणाली.

ताईने पट्टा सोडला. दार उघडून ती रस्त्यावर उतरली. उजवी सीट आधी बघितली. चिमणी पट्ट्यात होती तशी होती, केसाची क्लिपसुद्धा हललेली नव्हती, डोळे फक्त मोठे झाले होते आणि ते डावीकडे बघत होते. ताईने पुढची सीट वाकवली आणि मागे शिरली. दोन सीटच्या मध्ये बसायला जागा नसते, नुसता एक उंचवटा असतो, त्यावर ती अवघडून बसली. एक हात चिमणीच्या गुडघ्यावर ठेवला. दुसरा तिने डाव्या सीटसमोर आडवा धरला आणि समोरच्या सीटची कड घट्ट पकडली, असा की पुन्हा ब्रेक लागला तर जे कुणी असेल ते आधी तिच्या हातावर यावं.

"चल," ती म्हणाली. "हळू."

धाकट्याने गाडी वळवली. तो इतक्या हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जाताना वाकून आत बघत होते. चिमणीने आपली खिडकी सोडून आत्याच्या हाताकडे बघितलं, मग हातापलीकडे, आणि काही न विचारता परत खिडकीकडे तोंड केलं. ताईच्या हाताला काहीही लागत नव्हतं. नुसती हवा होती. तरी थोड्या वेळाने त्याला मुंग्या यायला लागल्या, झोपलेलं मूल दंडावर असलं की येतात तशा, आणि तिने तो हलवला नाही.

गॅरेजच्या दारात गाडी थांबली. धाकट्याने इंजिन बंद केलं, उतरला, चिमणीचा पट्टा सोडवून तिला कडेवर घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मग त्याने ताईला उतरायला हात पुढे केला.

ताई होती तिथेच बसून राहिली, हात आडवा धरून.

"डावा पट्टा घेऊन ये," ती म्हणाली. "कुठूनही आण. तो बसेपर्यंत मी इथून उठत नाही."